भिंतीपलीकडच्या मावशींच्या नावे

घडले ते असे :

१. सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी एका सहा मजली इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात तपासणीसाठी उतरले.
२. शिडी सरकली. उजवा पाय घोट्याच्या वर मोडला. फोन वर, पिशवीत राहिला.
३. नियमाप्रमाणे अशा कामाला दोन तंत्रज्ञ लागतात. नोंदवहीत दोन सह्या होत्या. दोन्ही मीच केल्या होत्या.
४. त्यामुळे कार्यालयातून कोणी चौकशी केली नाही. दारावर ‘काम चालू’ अशी पाटी होती. रहिवासी जिन्याने गेले.
५. एक वाजून पाच मिनिटांनी मी पान्याने भिंत ठोकली. पलीकडून उत्तर आले.

मी, वय एकोणतीस, लिफ्ट तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि स्वखुशीने लिहीत आहे. शुक्रवारी पायाची शस्त्रक्रिया आहे. नाडी एकशे चार आहे. परिचारिकेला ताप वाटला. ताप नाही, आनंद आहे. मला सवय नसल्याने मीही नाडी दोनदा मोजली.

भिंतीपलीकडे तळघरातल्या खोलीत एक बाई शिवणकाम करतात. त्या म्हणाल्या, “मी रोज या भिंतीशी भांडते. आज ती उलटून बोलली!”

मी म्हणाले, “लिफ्टची तंत्रज्ञ आहे. पाय मोडलाय.”

“कधीपासून?”

“दहापासून.”

“अगं बये! मग तीन तास करत काय होतीस?”

“वाट बघत होते.”

“कुणाची?”

मी पाना खाली ठेवला.

रखवालदाराला मदत आणायला पिटाळून त्या परत आल्या आणि माझी सुटका होईपर्यंत बोलत राहिल्या. मी ‘काकू’ म्हटले तर म्हणाल्या, “त्या नात्याला काका लागतो, तो कुठून आणू? मावशी म्हण.”

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरचे माझे एका खोलीचे घर मावशींना. खिडकी पूर्वेला आहे. शिलाई मशीन तिथे बसते, मी मापे घेतली होती. म्हणजे टेबलासाठी घेतली होती, पण बसते.

कलम दोन. बचत भाचीच्या तांत्रिक शिक्षणासाठी. दादाने त्यात लक्ष घालू नये. “मुलींच्या हातांचं हे काम नाही,” असे तो आठ वर्षे म्हणत आला. त्याला माझे हातमोजे द्यावेत. त्याला ते होणार नाहीत.

कलम तीन. सर्व हत्यारे माझ्या जोडीदार तंत्रज्ञाला. त्याचा दोष नाही. दोन वर्षे मीच त्याला दुसऱ्या इमारतीत पाठवत होते, कारण तो फार बोलतो. माझे नाव ‘कुलूप’ त्यानेच ठेवले. नाव चुकीचे नव्हते.

कलम चार. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक मावशी असाव्यात. दवाखान्याच्या अर्जावरील ‘जवळची व्यक्ती’ हा रकानाही मी त्यांच्यासाठी कोरा ठेवला आहे. न विचारता भरणार नाही. दुसऱ्याची सही करणे मी सोडले आहे.

साक्षीदार : वॉर्डातील परिचारिका (सही), शेजारच्या पलंगावरील बसवाहक बाई (सही, डाव्या हाताने, उजवा प्लास्टरमध्ये).
ठिकाण : अस्थिविभाग, पलंग क्रमांक चौदा. बुधवार, तारीख नऊ.

मावशी, प्रत सोबत पाठवत आहे. घरात राहायला माझ्या मरणाची वाट पाहण्याची अट नाही. मशीन आधीही आणता येईल. होकार असो वा नकार, उद्या गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवावे.