भरतने बसवलेला नळ

रोहा

सौ. येसूस,
मी धडधाकट आहे, जेवणाचे हाल नाहीत, हे आधी वाच.

गडबच्या आपल्या दारात नळ आला, बरं झालं. पण पहिल्या पाण्याचा नारळ तू भरतच्या हातून फोडून घेतलास! "भावजींच्या हाताला गुण हाय गो," असं साऱ्या आळीला सांगतेस म्हणे. मी इथे परक्यांच्या दारांत नळ बसवतोय, तेही कुणी न शिकवता.

त्याने बसवलेल्या नळाच्या जोडांवरून बोट फिरव. ओल लागली तर कळव.

संडासातला नळ मीच दिवाळीला बसवेन. त्याला हात लावू देऊ नकोस.

तोवर आईसाठी तिथे बादल्या तूच नेणार ना? तुझी कंबर कशी आहे?

बरं, बसवू दे त्यालाच. नारळ मात्र मी आल्यावर फोडायचा.

तुझाच,
कान्हू