सोनाबाईच्या संडासाची व्यवस्था

मी, चांगदेव पदाजी म्हात्रे, वय सदुसष्ट, धंदा मिठागर व भातशेती, राहणार खारवाडी, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहितो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बायकोचा पन्नास वर्षे आहे, तो धरलेला नाही.

१. घर व भाताची जमीन पत्नी सोनाबाई हिच्या हयातीपर्यंत तिची, नंतर मुलगा धर्मा याची. मीठ ओढायची फळी व फावडी धर्मालाच. तो मुंबईला गिरणीत असतो, त्याला फळी कुठल्या बाजूने धरायची हेही आठवत नसेल. तरी बापाची म्हणून ठेवावी.

२. परसातील पक्का संडास मी एकोणीसशे एकोणसाठ साली बांधला. गावातला पहिला. तेव्हा माझा धाकटा भाऊ येसाजी पारावर बसून म्हणाला, "दादानं हागायला बंगला बांधला!" पुढे भंडाऱ्याचे जेवण बाधले तेव्हा हाच येसाजी धोतर सावरत चावी मागायला आला. मी दिली. त्याला माझे पितळी टमरेल द्यावे, दुसरे काही नाही.

३. संडास बांधला सोनाबाईसाठी. तिचे गुडघे गेले आहेत. पण ती एकदाही आत गेली नाही. पहाटे शेजारच्या जनीला हाक मारून खाडीच्या बांधाआडच जाते, वाटेत मनुबाई मिळते. कोणाची सून रुसली, कोणाचे लग्न मोडले, गावाचा सगळा कारभार तिथेच चालतो. मी रागावलो तर म्हणते, "चार भिंतींत बसून बोलू कोनाशी? भिंतीशी?" आणि माझ्या संडासात सुकी मासळी भरून ठेवते.

गेल्या श्रावणात ती बांधावर घसरली, मनगट मोडले. मी होतो म्हणून उचलून आणली. मी गेल्यावर कोण आणील? मला मरणाची भीती नाही, या गोष्टीची आहे.

४. म्हणून धर्माने माझ्या दिवसांच्या जेवणावळी घालू नयेत. त्या खर्चात आहे त्या संडासाला लागून आणखी ~~एक~~ दोन बांधावेत. मधली भिंत बसल्यावर एकमेकींचे तोंड दिसेल इतकीच ठेवावी. मासळी माळ्यावर न्यावी.

५. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवताना सोनाबाई दाराआडून ऐकत होती. जादा एक तो जनीसाठी, असे मी सांगितल्यावर ती बोलली, "आन मनुबाईनं काय एकटीनं बांधावर बसायचं?" दोन वर्षांत प्रथमच ती नाही म्हणाली नाही. सबब कलम चारमधील "एक" खोडून "दोन" केले आहे. ही खाडाखोड माझ्या हातची असून मला आनंदाने मान्य आहे.

सही: चांगदेव पदाजी म्हात्रे

साक्षीदार:
भागोजी रामा पाटील (सही)
सदू बाळू घरत (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम खारवाडी, ता. १२ नोव्हेंबर १९६१