ट्रिगरला एकोणीस गोळ्या

मंगळवार, संध्याकाळी

एकोणीस! पिस्तुलांच्या दुकानातच मोजून पाहिलं. पाचूबंदरच्या पावलू कोळ्याकडून जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या मुद्दाम नेल्या होत्या, प्रत्येक बरोबर शंभर ग्रॅम, स्वतः तोलून. मला परवडणाऱ्या त्या एकमेव गॅसच्या पिस्तुलाच्या ट्रिगरला एकेक टांगत गेलो. दुकानदार हसला, "काका, मासे धरायला आलात का?" एकोणिसाव्या गोळीला ट्रिगर सुटला. एवढा जोर लावल्यावर नळी खाली जाणारच, नेम कसला! पाच-सहा गोळ्यांत सुटणारं पिस्तूल आवाक्याबाहेर. आणि रविवारी नेमबाजी क्लबच्या संघाची निवड. या वयात पुन्हा कोण संधी देणार?

एकोणीस. महिनाभर पिस्तुलांबद्दल वाचत होतो, मग हेच कसं सुटलं माझ्या नजरेतून?

क्लबचं पिस्तूल मिळतं, पण ते तिथे शिकवणाऱ्या सरांकडे मागायचं. त्यांना मी सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "मी स्वतः शिकलोय, मला शिकवू नका."

शेवटी फोन केला. सर म्हणाले, "देतो ना. पण मी सांगेन तसंच उभं राहायचं, काका."

हो म्हणालो.

हिने विचारलं, "कोणाशी बोलत होतात?"

"दुकानदाराशी," म्हणालो.