टेकाडाखालच्या बायका

माय, तू गेलीस तेव्हा मी तुझ्या कमरेला लागत होते. आता तुझ्या आईच्या वयाची झाले आहे, म्हणून जरा वडीलकीनेच बोलते, राग मानू नकोस. बोलते मी, लिहिते माझी सून. मला अक्षर येत नाही, त्यात तुझ्यावरच गेले. सून लिहितालिहिता हसते आहे. हसू दे. ती हसते आहे म्हणून तर हे पत्र लिहून होतं आहे.

माझा मुलगा सौदीत तेलाच्या कामावर इंजिनियर आहे. सुनेचं बाळंतपण करायला त्याने मला पहिल्यांदा इथे आणलं, तेव्हा कंपाउंडच्या भिंतीपलीकडे खडीची बैठी टेकाडं दिसायची, टोपल्या पालथ्या घालून ठेवल्यासारखी. आत फार जुन्या काळची थडगी. मुलाच्या कंपनीला तिथे पाइप ठेवायला जागा हवी होती. एके दिवशी जेवताना तो सांगतो, बुलडोझरने टेकाड फोडलं तर आत गुडघे पोटाशी घेऊन निजलेला सांगाडा, उशाला मडकं. ड्रायव्हर खाली उतरला, इथे जिन असतात, भुतं, म्हणाला. फोरमन ओरडला, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चल, चल, आणि पातं त्या कवटीवरून गेलं. "खलास," असं म्हणून मुलाने भातावर वरण घेतलं. माझा घास मात्र हातातच राहिला. मला आपल्या गावाबाहेरचं, जुनं गाव गाडलं गेलेलं पांढरीचं टेकाड आठवलं, जिथून तू भिंती सारवायला माती आणायचीस.

शेजारी आयर्लंडची एक गोरी बाई राहायची. बोलघेवडी, अगदी माझ्यासारखी. ती इंग्रजीत सांगायची, सून पोट सांभाळत मला मराठीत सांगायची. त्यांच्याकडेही अशीच टेकाडं, म्हणाली. खाली दुसरे लोक राहतात, देखणे, गाणारे, पण आकसखोर. टेकाड खणलं की सूड घेतात. बाळंतीण उचलून नेतात, आपल्या पोरांना पाजायला, आणि घरात हुबेहूब तिच्यासारखी दुसरी ठेवून जातात. लोखंडाला तेवढे भितात. मी म्हटलं, "अगं, आमच्याकडेही बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात!" दोघी टाळ्या देऊन हसलो. मग तिने हळू आवाजात सांगितलं, तिच्या पणजीच्या गावात एकाने बायकोला चुलीपाशी धरून विचारलं, तू माझीच बायको का, नाव सांग. तिने सांगितलं. त्याला पटलं नाही. त्याने तिला जाळलं. सून हे सांगताना थांबली, पाणी प्यायली. मला मात्र ती गोष्ट परकी वाटलीच नाही.

तुलाही नावच विचारलं होतं ना गं? धाकट्याच्या वेळी तू त्याला पाजेनास, भिंतीकडे तोंड करून बसायचीस. पांढरीवरच्या कशाने तरी धरलं म्हणाले. देवऋषी आला. बाबांनी तुझे केस खांबाला बांधले. निखाऱ्यावर मिरच्या. मी दाराच्या फटीतून बघते आहे, डोळे झोंबताहेत. "कोण आहेस तू? नाव सांग!" तू सांगतेस. निरगुडीचा फोक सपकन बसतो. "खोटं बोलते! खरं नाव सांग!" तू पुन्हा तेच सांगतेस. दुसरं कुठलं सांगणार होतीस? एखाद्या हडळीचं सांगितलं असतंस तर सोडलं असतं त्यांनी. पण तू हट्टी. सकाळपर्यंत ओरडत होतीस आपलंच नाव, मग ओरडेनाशी झालीस.

तर नात झाली, आणि सूनही भिंतीकडे तोंड करून बसली. लेकीला हात लावेना, जेवेना. आमचे इंजिनियरसाहेब घाबरले. आधी मला वाटलं, डॉक्टरला विचारतील. त्यांनी गावी चुलत्याला फोन लावला! तू थडगी फोडलीस, त्यातल्यांनी तिला धरलं, चुलता म्हणाला, आणि उपायही सांगितला. शुक्रवारची सुट्टी. मी आत नातीला न्हाऊ घालते आहे तर घरभर ठसका. टॉवेलात गुंडाळलेली पोर पाळण्यात टाकून धावले. गॅसवर मिरच्या जळताहेत आणि माझ्या पोटच्या गोळ्याने बायकोचे केस मुठीत धरून तिचं तोंड धुरावर दाबलं आहे. "कोण आहेस तू? नाव सांग!"

ओट्यावर लोखंडी तवा होता. मी तो उचलून त्याच्या पाठीत घातला. केस सुटले. "आई!" तो ओरडला. मी म्हटलं, "आई कुणाची? तू कोण ते सांग. माझ्या लेकरात कोण शिरलंय?" त्याने नाव सांगितलं. "खोटं!" म्हणून पुन्हा घातला. "आई, मीच आहे गं!" "सगळे असंच म्हणतात!" तिसरा कपाळावर बसला, भुवई फुटली, रक्त ओट्यावरच्या वरणात उडालं. तो खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला, तेव्हा मी तवा ठेवला आणि गॅस बंद केला. लोखंडाला इकडचेही भितात, तिकडचेही, इंजिनियरसुद्धा.

मग नातीला उचललं, सुनेला इथला काळा झगा, अबाया, चढवला आणि त्यालाच गाडी चालवायला लावली, एका डोळ्यावर फडकं धरून. दवाखान्यात आधी त्यालाच टाके घातले. विचारलं, काय झालं? म्हणाला, स्वयंपाकघरात पडलो. डॉक्टरीणबाई म्हणाली, बाळंतपणानंतर बायकांचं असं होतं, औषधाने उतरतं. औषध, माय. गोळ्या. दिसामासांनी उतरलं. नात आता घरभर धावते, मुलगा माझ्यासमोर तव्याला हात लावत नाही, आणि टेकाडं सगळी सपाट झाली. तुला कुणी टेकाडाखाली नेलं असेल तर बरं, असं मला त्या गोरीच्या गोष्टीपासून वाटत आलं आहे. गाणाऱ्यांत असशील. खांबाला बांधलेली दुसरीच कुणी असेल. पण तसं नाही, मला माहीत आहे. दुसरी असती तर दुसरं नाव सांगितलं असतं.

सून म्हणते, "आई, पत्राच्या वर त्यांचं नाव घालूया ना. काय होतं?" मी म्हटलं, राहू दे, कुठे टपालात टाकायचं आहे. ती पेन धरून थांबली आहे. हे मी मनातच बोलते, तिला कसं सांगू? पोटच्या पोराला तव्याने झोडपणारी मी, तुझं नाव अजून मोठ्याने घेऊ शकत नाही. वाटतं, घेतलं तर कुणीतरी मारील.