ब्लेडने कापलेलं पान

आई,
पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी ठणठणीत आहे. ताईला या महिन्याचं रक्त चढवलं का?

लायब्ररीतली आनुवंशिकतेची जाड पुस्तकं घरी नेता येत नाहीत. म्हणून इथले हुशार लोक ब्लेडने पानंच कापून नेतात, दुसऱ्याला मिळू नयेत म्हणून. शी! ताईच्या आजाराचं पान माझ्याच रूममेटच्या गादीखाली सापडलं, तेलकट बोटांच्या डागांसकट. तिच्याशेजारी आता घास उतरत नाही.

पान परत चिकटवलं, पण आधी उतरवून घेतलं. सोबत पाठवतेय. हा आजार आई आणि बाप, दोघांकडून आल्याशिवाय होत नाही. आत्याला मोठ्याने वाचून दाखव.

ताईचा आजार कळला, तेव्हाच डॉक्टरांनी बाबांना हे सांगितलं असणार. आत्या वर्षानुवर्षं तुझ्याच कुशीला बोल लावत राहिली आणि बाबा हे लपवून खाली मान घालून जेवत राहिले. रूममेटने निदान पुस्तकातलंच पान कापलं.

तुझी, चिडलेली पण धडधाकट,
धाकटी