दोन स्टेशने पुढे

चि. सौ. बाळीस अनेक शुभाशीर्वाद.

मी सुखरूप पोहोचलो. तळ्याकाठची खोली स्वच्छ आहे आणि गोळ्या वेळेवर घेत आहे. पोहोचण्यास तीन तास उशीर झाला, त्याचे कारण तुझ्यापासून लपवणे योग्य नाही.

गाडीत समोर एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. बोलण्याच्या ओघात मी म्हणालो, "आमच्या मंडळींना खिडकीच लागते. प्रत्येक स्टेशनवर चहा घेतात आणि प्रत्येक चहाला नावं ठेवतात."

"आणि त्यांना घरी बसवून एकटेच निघालात होय? शोभतं का हो सर तुम्हाला?"

तीस वर्षे व्याकरण शिकवूनही माझा काळ चुकला होता. "त्या मार्चमध्ये गेल्या," असे मी सांगितले. हे वाक्य परक्या माणसापुढे मी प्रथमच उच्चारले. बाईंनी सांत्वन केले नाही. "बरं, चहाचं पुढं सांगा," एवढेच म्हणाल्या. मी सांगत राहिलो आणि दोन स्टेशने पुढे गेलो.

तळे छायाचित्राप्रमाणेच आहे. अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

जावईबापूंचा खोकला थांबला का? परतीचे तिकीट मी मुद्दाम पॅसेंजरचे काढले आहे, तेव्हा स्टेशनवर ताटकळत बसू नये.

"अहो, तुम्हाला नुसतं पोहोचायचं असतं, मला जायचं असतं," असे तुझी आई म्हणे. मी ते हसण्यावारी नेत असे. तिचे बरोबर होते. तिला सांगता येत नाही, म्हणून तुला कळवत आहे.

तुझे,
बाबा