गिरजा उद्या धावणारच

दिल्ली, मार्च १९५१

चिरंजीव लहानूस मायचा आशीर्वाद, कान पिळून.

मी बोलून राह्यली, तुही लेक गिरजा लिहून राह्यली. आम्ही मजेत आहो. पोरगी काल धड जेवली नाई. हे लिहायले लावू नको म्हणते.

तुह्यं पत्र भेटलं. आशियाई खेळांत ती देशाकडून चड्डी घालून धावली, तर समुद्रपूरचे पाहुणे सोयरीक मोडतील, म्हणून तिले परत आण म्हणतोस. नाई आणत! गुडघ्यावर लुगडं खोचून आम्ही जन्मभर कापूस वेचला, तवा कोनाची अब्रू गेली नाई.

सुनबाईचा खोकला कसा आहे?

पाहुण्यायले सांगजो, नवरदेवानं आधी हिले पळून धरून दाखवावं, मंग हळद लावू.

तुही माय,
तानाबाई